रूळ विकत मिळतात, भराव मिळत नाही

सोलापूर जिल्ह्यात रेल्वेच्या वारशाचा विषय निघाला की मागणी ठरलेली असते : बार्शी लाईट या जुन्या रेल्वेची छोटी गाडी पुन्हा सुरू करा. कुणी म्हणतं कुर्डुवाडी ते बार्शी, कुणी पंढरपूरजवळ, कुणी येडशीच्या रामलिंग घाटात. वाफेचं इंजिन, लाकडी डबे, पर्यटक, पोरांना रोजगार. मागणी मनापासूनची असते, पण तिची सुरुवात चुकीच्या टोकापासून होते, असं आमचं ठाम मत आहे. या वारशात गाडी ही सगळ्यात शेवटी यायची गोष्ट आहे. आज दर पावसाळ्यात थोडं थोडं संपत चाललंय ते वेगळंच : जुन्या मार्गाचा बाजूला सुटून राहिलेला भराव, त्याखालून ओढ्याचं पाणी जाऊ देणाऱ्या घडीव दगडाच्या मोऱ्या, हद्दीचे दगड, रूळ राखणाऱ्या गँगच्या खोल्या, आणि हे सगळं बांधायचं-राखायचं कसं हे ठाऊक असलेली माणसं. तिकडे कुणाचं लक्ष नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

आधी ही रेल्वे काय होती ते नीट बघू. एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत इकडे आला. त्या रेल्वेचा मुख्य मार्ग कुर्डुवाडीवरून जात होता आणि त्या स्टेशनचं तेव्हाचं नाव बार्शी रोड. खुद्द बार्शी तिथून सुमारे ३५ किलोमीटर आत. बार्शीची पेठ कापसाची, गळिताच्या धान्याची. सगळा माल बैलगाडीनं बार्शी रोडला यायचा आणि पावसाळ्यात काळ्या रानातली वाट बंद पडली की माल पेठेतच अडायचा. कॅलथ्रॉपनं १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी केली आणि मार्च १८९७ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. एकूण मार्ग झाला २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारनं कंपनी विकत घेतली आणि हा मार्ग मध्य रेल्वेत आला.

हे सनावळीचं झालं. या रेल्वेची खरी थोरवी तिच्या हिशोबात आहे, आणि तो समजल्याशिवाय काय जपायचं हे कळणार नाही.

रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. अशा छोट्या रेल्वे त्या काळी इतरत्रही होत्या, पण बहुतेक ठिकाणी त्या मोठ्या रेल्वेची लहान नक्कल असत : इंजिन जड, डबे हलके, आणि इंजिनाच्या वजनासाठी सगळा मार्ग जड बांधायचा. कॅलथ्रॉपनं उलटा विचार केला. मार्गावर कुठल्याही एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या एका दांड्यावर, ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, आणि मग इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, प्रत्येकानं त्या ५ टनांचा पुरेपूर उपयोग करायचा. लीड्सच्या किटसन कारखान्यानं बांधलेली पहिली पाच इंजिनं बघा. आठ चालकचाकं आणि मागे चार चाकं, म्हणजे सहा अ‍ॅक्सल. वजन ३० टनांच्या आत. मालडबा २५ फूट लांब, ७ फूट रुंद, खाली दोन बोग्या, चार अ‍ॅक्सल. चार पंचे वीस टन. डब्याचं स्वतःचं वजन कमी ठेवण्यासाठी सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा केला, म्हणून त्यात १५ टन माल बसू लागला. अडीच फुटी रुळांवर १५ टनी डबा ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती.

भार इतका आखून घेतल्यावर रूळ ३० पौंडी चालला, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मोठ्या मार्गावर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. हा त्याच्या चौथाई. रूळ हलका म्हणून पुलांचे गर्डर हलके, भराव अरुंद, वळणं आखूड, आणि डोंगर-ओढे आडवे आले की फोडण्याऐवजी वळसा घालून जाता येतं. बालाघाटाच्या उतारावर ही रेल्वे रानाच्या अंगानं, ओढ्याच्या कलानं गेली ती कुणाला देखावा दाखवायला नव्हे. तो कमी पैशात माल पोचवायचा उपाय होता, देखावा आपोआप मिळाला.

हाच हिशोब तिच्या मुळावरही आला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कुर्डुवाडीला एका बाजूला मोठी लाईन, दुसऱ्या बाजूला छोटी. १५ टनी डबा म्हणजे क्विंटलाची दीडशे पोती. त्यातलं प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात जाणार. मजुरी, वेळ, फुटलेली पोती, पावसात भिजलेल्या गासड्या, वाटेत कमी भरलेला माल आणि त्यावरून दोन्ही बाजूंची भांडणं. मालमोटारी सुरू झाल्यावर व्यापाऱ्यानं सरळ विचार केला : बार्शीच्या अडतीवर भरलं की थेट मुंबईत उतरतं, मग मधे कुर्डुवाडी कशाला? छोट्या लाईनची मालवाहतूक गेली ती या एका फलाटावर.

म्हणून पुढे गेज बदललं, छोट्या लाईनची मोठी लाईन केली, ते योग्यच झालं. ‘छोटी गाडी मारली’ अशी हळहळ आम्हाला पटत नाही. एप्रिल २०१६ आठवा. लातूरचं पाणी संपलं तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टँकर-डबे, प्रत्येकी ५० हजार लिटर, मिळून ५ लाख लिटर; पुढे ५० डब्यांच्या गाड्या गेल्या, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर : हा सगळा बार्शी लाईटचाच रस्ता. नुसतं ५० हजार लिटर पाणीच ५० टन भरतं. ते १५ टनी डब्यात आलं असतं तर एका मोठ्या डब्यामागे चार छोटे डबे लागले असते. गेज तसंच राहिलं असतं तर लातूरची तहान भागली नसती. वारसा जपायचा म्हणून माणसांची सोय नाकारायची, असं कुणी म्हणू नये, आणि आम्हीही म्हणत नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. छोट्या गाडीची वळणं मोठ्या गाडीला चालत नाहीत. गेज बदलताना वळणं सैल करावी लागली, चढ उतरवावे लागले; धाराशिव शहर रेल्वेवर घेण्यासाठी तर मोठा फेरा घेऊन नवा मार्ग टाकावा लागला. त्यामुळे ठिकठिकाणी जुना मार्ग बाजूला सुटून राहिला. कुठे दोनशे मीटर, कुठे बराच लांब. या सुटलेल्या तुकड्यांचं काय करायचं हे आपण ठरवलेलं नाही, आणि आपण ठरवलं नाही की जेसीबी ठरवतो.

ते कसं होतं ते बघा. पहिल्यांदा रूळ उचलले जातात. ते रेल्वेचंच भंगार, त्याचा लिलाव होतो, त्यात गैर काही नाही. मग खडी जाते, शेतरस्त्यासाठी. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की भरावात चांगला मुरूम आहे. एका बाजूनं कोरायला सुरुवात होते, कारण वरून कोरलं तर दिसतं. बाजू उभी झाली की पुढच्या पावसात वरचा भाग ढासळतो आणि ‘नाहीतरी पडलाच आहे’ म्हणून उरलेला उचलला जातो. भराव गेला की मोरी उघडी पडते. मोरीचा घडीव दगड म्हणजे आयताच माल : पायऱ्यांना, उंबऱ्याला, विहिरीच्या काठाला. आधी वरच्या थरातले सुटे दगड जातात, मग पंखभिंती, शेवटी कमान. कमानीचा मधला चावीचा दगड निघाला की बाकीची कमान एका दिवसात खाली येते. ओढ्याचं पाणी मोरीतून जायचं ते आता तुंबतं, वरच्या शेतात शिरतं, आणि मग त्या शेतकऱ्याची रास्त तक्रार येते की हा जुना बांध काढून टाका. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपापल्या परीनं शहाणपणानंच वागलेला असतो. सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मात्र अशी की शंभर वर्षांहून जुनं बांधकाम कागदावर एक ओळही न उमटता नाहीसं होतं.

आता ‘गाडी सुरू करा’ म्हणणाऱ्यांनी हा साधा हिशोब करावा. एक किलोमीटर छोटी लाईन टाकायला ३० पौंडी रूळ लागतील सुमारे ३० टन, दोन ट्रक. पाऊण मीटरला एक स्लीपर धरला तर १,३३३ स्लीपर. खडी पाच-सातशे घनमीटर. हे सगळं बाजारात मिळतं, ठेका देऊन एका हंगामात टाकता येतं. आता भराव घ्या. माथ्याची रुंदी साडेतीन मीटर, उंची फक्त दोन मीटर, बाजूचा उतार एकास दीड. छेदाचं क्षेत्रफळ येतं १३ चौरस मीटर. किलोमीटरला १३ हजार घनमीटर माती. दहा घनमीटरचा टिप्पर धरला तर तेराशे खेपा. शिवाय ती माती थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून दाबायची, आणि तरी दोन-तीन पावसाळे ती बसतच राहणार. जमीन वेगळी : दहा मीटर पट्टा धरला तर किलोमीटरला एक हेक्टर, अडीच एकर, आणि तीही सलग, एका रेषेत, शंभर खातेदारांच्या सह्या घेऊन. आज ही जमीन सलग आहे, बसलेली आहे, फुकट आहे. एकदा तुकडे पडले की ती कुठल्याही निधीतून परत जोडता येणार नाही.

हे आमचंच म्हणणं आहे असं नाही. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या गावांना जाणाऱ्या छोट्या शाखा रेल्वे १९६० नंतर धडाधड बंद झाल्या. दक्षिण किनाऱ्यावरच्या स्वॉनेजची शाखा जानेवारी १९७२ मध्ये बंद झाली आणि त्याच उन्हाळ्यात तिचे रूळ उखडून नेले. आज तिथं वाफेच्या गाड्या धावतात, हंगामात गर्दी असते. ते कसं जमलं? रूळ गेले होते, पण भराव, पूल, स्टेशनं जागेवर राहिली. स्वयंसेवकांनी गावाच्या टोकापासून थोडे थोडे रूळ टाकत नॉर्डनपर्यंतची लाईन १९९५ मध्ये पुरी केली. बंद पडल्यापासून तेवीस वर्षं. सॉमरसेट परगण्यातली माईनहेडची शाखा १९७१ मध्ये बंद झाली. तिथल्या काउंटी कौन्सिलनं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेनं, ती जमीनच विकत घेतली, आणि १९७६ पासून टप्प्याटप्प्यानं गाड्या सुरू झाल्या. दोन्हीकडे क्रम एकच : आधी जमीन आणि भराव हातातून जाऊ दिला नाही, गाडी मागून आली.

याच्याही पुढचं उदाहरण तर कॅलथ्रॉपच्याच घरचं आहे. बार्शीच्या अनुभवावर त्यानं स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे आखली. ती १९०४ मध्ये सुरू झाली, तिची इंजिनंही किटसनचीच. दूध आणि सहलीचे प्रवासी एवढाच धंदा, तो पुरला नाही. १९३४ मध्ये बंद पडली. रूळ भंगारात गेले, इंजिनंही राहिली नाहीत. पण १९३७ मध्येच त्या मार्गाची पायवाट करून लोकांना खुली केली. आज त्या दरीतून सुमारे १३ किलोमीटर माणसं चालतात, सायकली जातात, एक बोगदासुद्धा त्या वाटेत वापरात आहे. रेल्वे गेली, पण तिनं दरीतून कशी वाट काढली हे आजही पायाखाली कळतं. बार्शीच्या या धाकट्या भावंडाचं तिकडे जे झालं ते थोरल्याचं इथं का होऊ नये?

‘तिकडे समुद्र आहे, इकडे काय आहे?’ असा आक्षेप येईल. अर्धा बरोबर आहे. किनाऱ्यावरच्या गावाला उन्हाळ्यात सुट्टी घालवायला आलेली माणसं असतात, त्यांना दुपार रिकामी असते, म्हणून तिथं तिकिटाची गाडी चालते. पंढरपुरात गर्दी त्याहून कितीतरी जास्त, पण ती दर्शनाला आलेली असते. वारकरी दर्शनाच्या रांगेतून सुटला की चंद्रभागेवर जातो आणि परतीची गाडी बघतो. त्याला गंमत म्हणून दोन किलोमीटर जाऊन परत यायचं नसतं. त्यामुळे पंढरपुरात खेळण्यातली गाडी लावून ती नफ्यात चालेल या आशेवर प्रस्ताव लिहू नयेत. पण पंढरपूर हा या वारशाचा फार मोठा भाग आहे, तो वेगळ्या रीतीनं. या रेल्वेनं वारीचं गणित बदललं. आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या सुटत, प्रवासी डबे अपुरे पडत तेव्हा मालडबेही माणसांनी भरून जात. मिरजेकडून आलेला, लातूरकडून आलेला, असे सगळे एका छोट्या रुळावरून विठ्ठलाकडे गेले. हे सांगणारी एक चांगली मांडणी, नकाशा, डब्याचा सांगाडा, तिकिटं, वेळापत्रकं, वारकऱ्यांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण, पंढरपूर स्टेशनच्या आवारात उभी राहिली तर गाडीची वाट बघत बसलेला माणूस ती नक्की बघेल. त्याच्याकडे तेव्हा वेळच वेळ असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कंपनी लंडनची, नफा तिकडे गेला, मग गोऱ्यांची रेल्वे आपण कशाला जपायची? नफा तिकडे गेला हे खरंच आहे, आणि ते मांडणीत लिहिलंच पाहिजे. पण भराव घातला कुणी? डोक्यावर पाट्या वाहून इथल्याच माणसांनी. दगड घडवला इथल्या पाथरवटांनी. रूळ राखले गँगमननी, पोती वाहिली हमालांनी, रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर ठोकले कुर्डुवाडीच्या कामगारांनी. त्यांची नावं कंपनीच्या अहवालात नाहीत. त्यांच्या हातचं काम तेवढं शिल्लक आहे, आणि तेही पुसून टाकलं तर या गोष्टीत कॅलथ्रॉपच तेवढा उरेल.

आता करायचं काय. पायवाट आणि सायकलमार्ग हा सुटलेल्या लांब तुकड्यांचा सगळ्यात चांगला उपयोग. रेल्वेचा चढ सौम्यच असतो, म्हणून म्हातारं माणूस, चाकाची खुर्ची, शाळेत जाणाऱ्या पोरीची सायकल, सगळ्यांना झेपतो. साडेतीन मीटरचा माथा त्याला पुरतो. डांबर किंवा काँक्रीट घालू नये. माथा खरवडून, १० ते १५ सेंटिमीटर मुरूम पसरून, पाणी मारून रोलर फिरवायचा. मधे उंच, दोन्ही कडांना चाळीसास एक उतार. जिथं भराव काळ्या मातीचा आहे तिथं आधी वाळू-मुरमाचा थर किंवा जिओटेक्स्टाईल, म्हणजे मातीखाली अंथरायचं कापड, घालावं लागेल, नाहीतर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल. बाजूच्या चरी मोकळ्या नसतील तर बाकी सगळं व्यर्थ. भराव मरतो तो नेहमी पायथ्याशी साचलेल्या पाण्यानं. दोन्ही टोकांना दगडी खांब रोवायचे, मधलं अंतर १.२ मीटर. त्यातून चाकाची खुर्ची जाते, ट्रॅक्टर जात नाही. शेतकऱ्याला आडवं जायची वाट जिथं आहे तिथं ती सोडायची; ती अडवली की वाट पहिल्याच वर्षी उधळली जाईल, आणि तो त्याचा दोष नसेल.

मोऱ्यांच्या बाबतीत दोन चुका हमखास होतात. एक, सांध्यांत उगवलेला पिंपळ किंवा वड नुसता कापायचा. तो चौपट फुटतो आणि मुळं दगड उकलतात. खोड बुडाशी कापून, ताज्या कापावरच लगेच औषध लावून, मूळ पुरतं मेल्यावरच सांधा साफ करायचा. दुसरी चूक सिमेंटची. जुनं बांधकाम चुन्याचं असेल तर सांधे चुन्यानंच भरायचे. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि सोडते. वरून सिमेंट लिंपलं की ओल आत कोंडते, मागचा चुना भुसभुशीत होतो आणि काही वर्षांत सिमेंटची पपडी दगडाचा तोंडवळा घेऊनच पडते. सावलीसाठी झाडं जरूर लावा, लिंब, करंज लावा, पण पायथ्याला आणि मोरीपासून चांगली लांब. भरावाच्या माथ्यावर झाड नको.

गाडी नकोच का? हवी, पण एकाच ठिकाणी आणि छोटी : कुर्डुवाडीत. त्याला कारण तिथला कारखाना. गेज गेलं तरी छोट्या गेजचं कसब तिथं टिकलं. नेरळ–माथेरानच्या गाडीच्या डब्यांची कामं तिथं झाली आहेत. माथेरानचं गेज दोन फुटी, बार्शीचं अडीच फुटी, पण छोट्या चाकाची कड कशी कातायची, स्प्रिंगच्या पट्ट्यांची कमान कशी धरायची, आखूड वळणावर बोगी का आखडते, हे ज्ञान दोन्हीकडे एकच. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तसं कुर्डुवाडीत कारखान्याला लागून झालं तर वस्तू एका जागी आणि दुरुस्ती जाणणारा माणूस दुसऱ्या जागी, ही अडचण येणार नाही. त्याच्या आवारात पाचशे मीटर ते एक किलोमीटर रूळ पुरे.

वाफेचं इंजिन चालवायचा आग्रह मात्र जाणून-बुजून धरावा. सकाळी दहाला गाडी हवी तर पहाटे चारला आग पेटवावी लागते आणि बॉयलर हळूहळूच तापवावा लागतो. घाईनं तापवला की पत्रा सगळीकडे सारखा वाढत नाही, नळ्यांची टोकं फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, बाजूनं गळायला लागतात. आपलं बोअरचं पाणी जड. ते तसंच भरलं तर आतून खवल्यांचा थर धरतो, थरामागचा पत्रा पाण्यापर्यंत उष्णता पोचवू शकत नाही, तापून मऊ होतो आणि फुगतो. म्हणून पाणी शुद्ध करूनच वापरायचं, ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुवायचा, गाळ काढायचा, आणि दर वेळी भोकांतून आत दिवा घालून बघायचं. ब्रिटनमधल्या जुन्या रेल्वे साधारण दहा वर्षांनी बॉयलर पुरता उकलून तपासतात, आणि त्याचा खर्च पहिल्या दिवसापासून बाजूला काढत जातात. ही शिस्त पाळणारी माणसं आणि तो निधी हाताशी नसेल तर डिझेलवर चालवा आणि वाफेचं इंजिन स्वच्छ, कोरडं, छपराखाली उभं करा.

छपराखाली हे फार महत्त्वाचं. चौकात चौथऱ्यावर उघडं इंजिन उभं करून वर्षाला एकदा रंग फासणं म्हणजे त्याचा सावकाश नाश. पाऊस चिमणीतून थेट तिच्याखालच्या धुराच्या पेटीच्या, म्हणजे स्मोकबॉक्सच्या, तळाशी जातो, तिथं जुनी राख असते, ओली राख लोखंड खाते. पाण्याच्या टाक्या आतून गंजतात आणि बाहेरचा काळा रंग मात्र चकचकीत दिसतो. एक दिवस बोट लावलं की पत्रा आत जातो. उभं करायचंच असेल तर आधी राख पूर्ण काढा, चिमणीवर झाकण बसवा, टाक्यांच्या आणि स्मोकबॉक्सच्या तळाला पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा, दांड्यांना आणि पिनांना ग्रीस भरा, गंज पूर्ण खरवडून प्रायमर मारल्याशिवाय रंग लावू नका. बॉयलरवरच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कंत्राटदाराच्या पोरानं उघड्या हातानं काढायचं काम नाही. पितळी सामान काढून, क्रमांक देऊन, संग्रहालयात ठेवा आणि इंजिनावर नक्कल लावा, नाहीतर ते चोरीला जाणार.

या सगळ्याआधी एक बिनखर्चाचं काम आहे आणि ते कुठल्याही मंजुरीवाचून उद्या सुरू होऊ शकतं : नोंद. बार्शी, माढा, पंढरपूर, सांगोला या तालुक्यांतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी जुन्या मार्गाचे तुकडे पायी पालथे घालावेत. प्रत्येक मोरीला एक पान : ठिकाण जीपीएसवर, गाळ्यांची संख्या, गाळ्याची रुंदी, उंची, दगड की वीट की गर्डर, बांधकाम चुन्याचं की सिमेंटचं, कुठे पडलंय. पट्टी शेजारी धरून चार बाजूंनी फोटो. दगडावर किंवा पाटीवर पुलाचा जुना क्रमांक असेल तर तो जसाच्या तसा लिहून घ्यायचा, कारण रेल्वेच्या नोंदवहीत त्याच क्रमांकानं शोधता येतं. मग त्या गटाचा सातबारा काढायचा आणि जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते बघायचं : रेल्वेच्या, शासनाच्या की कुणा खातेदाराच्या. हे तीन प्रकार वेगळे, आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा. रेल्वेच्या नावावर असेल तर भाडेपट्ट्यानं ग्रामपंचायतीला मागता येते. शासनाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. खातेदाराची झाली असेल तर ती वाट सोडून द्यावी आणि मोरीची मापं तेवढी राखावी; त्याच्या रानात वारसा म्हणून घुसायचा हक्क कुणाला नाही. रस्त्याच्या रुंदीकरणात एखादी मोरी जाणारच असेल तर भांडण न करता आधी तिचं पूर्ण मोजमाप आणि आराखडा करून घ्यावा, दगडांना क्रमांक देऊन ते कुर्डुवाडीला न्यावेत.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी आणि हद्द कायम करून घेणं हे दुसरं काम. हद्दीचा दगड हलला की पुढचा सगळा वाद तोंडीच चालतो. आणि तिसरं, कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, मिरज इथल्या निवृत्त फिटर, बॉयलरमेकर, गँगमन, गार्ड यांच्याशी बोलून घेणं. प्रश्न आठवणींचे नकोत, कामाचे हवेत : सांधा खचला की आधी काय करायचं, काळ्या रानात उन्हाळ्यात रुळाची पातळी कशी राखायची, यात्रेच्या दिवसांत डबे कसे जोडायचे, कुठल्या चढावर इंजिन दमायचं आणि मग काय करायचं. ही माणसं आता वयस्क झाली आहेत. भराव कदाचित आणखी दहा पावसाळे काढेल.

यातलं पहिलं काम या पावसाळ्याआधी व्हायला हवं, कारण ओढ्याला पाणी आलं की मोरीचे गाळे मोजता येत नाहीत, आणि पाणी ओसरेपर्यंत पुढचा मुरूम उचललेला असतो. जिल्हा प्रशासनानं आणि सोलापूर रेल्वे विभागानं एवढंच करावं : सुटलेल्या मार्गाची यादी जाहीर करावी आणि नोंद पुरी होईपर्यंत त्यावरून माती, खडी, दगड उचलायला बंदी घालावी. त्याला निधी लागत नाही, एक आदेश लागतो.